जड झालेले हात

(शास्त्रभाग : निर्गम, अध्याय १७, वचनें ८ ते १३)



रफीदीम येथें इस्राएल व अमालेक यांची लढाई चालली असतां मोशे देवाची काठी हातीं घेऊन टेंकडीच्या माथ्यावर उभा राहिला, ही गोष्ट आपणांस शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. त्याचे हात वर असत तोंवर इस्राएलाची सरशी होई, आणि हात खालीं आले म्हणजे अमालेकाची सरशी होई. ह्या भागावर बोलतांना आपण बहुधा प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयीं बोलतों, व तें योग्यच आहे. परंतु आज मी आपलें लक्ष तेथील एका साध्या गोष्टीकडे वेधूं इच्छितों. मोशेचे हात जड झाले. देवाचा निवडलेला सेवक, हातांत देवाची काठी, मनांत विश्वास. तरी हात जड झाले. तेव्हां आकाशांतून देवदूत उतरला नाहीं. अहरोन व हूर हीं दोन माणसें जवळ होतीं. त्यांनीं एक दगड आणून त्यावर मोशेला बसविलें, आणि एकानें ह्या बाजूनें व दुसऱ्यानें त्या बाजूनें त्याचे हात धरून ठेविले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले.

ज्यांच्या घरीं हातपाय जड करणारा रोग आला आहे त्यांच्यासाठीं, आणि विशेषेंकरून त्या रोग्याच्या बाजूस दिवसरात्र उभ्या राहणाऱ्या पत्नीसाठीं अथवा पतीसाठीं, आजचे हे शब्द आहेत.

ह्या रोगास आपल्याकडे कंपवात म्हणतात. लंडन येथील जेम्स पार्किन्सन नांवाच्या वैद्यानें १८१७ सालीं ह्यावर एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें अवघ्या ६ रोग्यांचें वर्णन केलें आहे, आणि त्यांपैकीं कांहीं तर त्याला रस्त्यांत दिसलेले होते. पुढें त्याच्याच नांवानें हा रोग जगभर ओळखला जाऊं लागला. मेंदूच्या खोल भागांतील कांहीं पेशी हळूहळू नाश पावतात, आणि त्या जें डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करितात तें कमी पडूं लागतें. मग स्वस्थ बसलें असतां हात कांपतो, अक्षर बारीक होत जातें, पाऊल मंदावतें, अंग ताठतें व चेहऱ्यावरील भाव मावळतात. ह्या रोगास समूळ घालविणारें औषध अद्याप मनुष्याच्या हातीं आलेलें नाहीं. परंतु आधार देणारीं औषधें आहेत. त्यांत मुख्य तें लेव्होडोपा; मेंदूंत गेल्यावर त्याचेंच डोपामीन बनतें. ह्या जातीचें द्रव्य अल्प मात्रेनें आरंभ करून हळूहळू वाढवीत नेल्यास रोग्यास मोठा आराम पडतो, हें डॉक्टर जॉर्ज कोटझियास यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंत दाखवून दिलें. पुढें त्याच्या जोडीस कार्बिडोपा देऊं लागले. त्यामुळें थोड्या मात्रेंत काम भागूं लागलें व मळमळहि कमी झाली.

आतां मी आपणांस एक घडलेली गोष्ट सांगतों, आणि ती सांगतांना मला माझाहि एक दोष कबूल करावा लागणार आहे.

आमच्या एका खेड्यांतील मंडळींत एक निवृत्त मास्तर आहेत. ते मंडळीचे वडील. कित्येक वर्षें मंडळीचा हिशेब त्यांच्याच वळणदार अक्षरांत लिहिला जात असे. एके वर्षीं तें अक्षर मुंगीएवढें झालें, उजवा हात कांपूं लागला, आणि शहरांतील डॉक्टरांनीं कंपवाताचें निदान करून लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू केल्या. मास्तरांना आराम पडला. ते पुन्हां चालत उपासनेस येऊं लागले. वर्षभरानें डॉक्टरांनीं दुसऱ्या जातीची एक गोळी जोडली. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं बाईंच्या नजरेस दोन गोष्टी आल्या. दिवेलागणीला मास्तर कणगीकडे बोट करून म्हणत, "अगं, त्या लेंकरांना भाकर दे, केव्हांचीं बसलीं आहेत." तेथें कोणी नसे. आणि एके दिवशीं गीतांच्या पुस्तकाच्या वेष्टनांत लॉटरीच्या तिकिटांची जाडजूड चवड सांपडली. ज्या मनुष्यानें जन्मांत पैशांचा खेळ खेळला नाहीं त्यानें ज्वारीचे पैसे त्यांत घातले होते.

बाईंनीं कोणास सांगावें? शेजारीण म्हणाली, हें औषध माणसाला वेडें करतें. एक नातलग म्हणाला, हें औषध पांचच वर्षें चालतें, तें आतांच संपवूं नका. आणि बाईंच्या मनांत त्याहूनहि खोल एक कांटा होता : आपला पति पापांत पडला काय? एका रविवारीं उपासना संपल्यावर त्या दाराशीं थांबल्या आणि मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, मला ह्यांच्या गोळ्यांची फार भीति वाटते." मीं उत्तर दिलें, "बाई, चिंता करूं नका. चिंता म्हणजे विश्वासाची उणीव. प्रार्थना करा." मला पुढच्या गांवीं उपासना होती, मी निघून गेलों. कसली भीति वाटते, एवढें विचारण्यास मीं एक क्षणहि दिला नाहीं.

बाई घरीं गेल्या, त्यांनीं प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवसापासून पतीला न सांगतां साऱ्याच गोळ्या बंद केल्या. गोळ्यांच्या जागीं त्या दुसऱ्या पांढऱ्या गोळ्या देत. तिसऱ्या दिवशीं मास्तरांचें अंग लांकडासारखें ताठलें, ताप चढला, घोट गिळेना, बोलणें असंबद्ध झालें. रात्रीं जीप मिळवून त्यांना इस्पितळांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं विचारतांच बाईंनीं सर्व सांगितलें, आणि त्या सांगण्यानेंच मास्तरांचे प्राण वांचण्यास मदत झाली. कारण हें औषध एकाएकीं तोडलें असतां असा ताप व ताठरपणा येऊन जीवावर बेतूं शकतें, हें डॉक्टरांस ठाऊक होतें. मी भेटीस गेलों तेव्हां बाई म्हणाल्या, "मी ह्यांचा जीव घेतला असता." मीं मनांत म्हटलें, बाई, तो दोष एकट्या तुमचा नाहीं. तुमची भीति तुम्हीं माझ्यापाशीं आणली होती, आणि मीं ती न उघडतांच परत केली.

म्हणून आज मी पुन्हां त्या टेंकडीकडे वळतों. अहरोन व हूर यांनीं तीन गोष्टी केल्या, त्या आपण एकेक पाहूं.

पहिली ही कीं, त्यांनीं पाहिलें. लढाई खालीं चालली होती, सर्वांचे डोळे तिकडे होते. पण ह्या दोघांचे डोळे मोशेच्या हातांकडे होते. हात जड झाले हें त्यांनीं ओळखलें, आणि तें ओळखणें हा अविश्वास नव्हता. भगिनींनो, तुमच्या पतीमध्यें झालेला पालट तुम्हांला सर्वांआधीं दिसतो. ही देवानें तुम्हांस दिलेली दृष्टि आहे. तिची लाज धरूं नका. अंथरुणांतून उठतांना त्यांना भोंवळ येते काय? दिवसा बोलतां बोलतां एकाएकीं झोंप लागते काय? मळमळ होते काय? गोळीनंतर हातपाय आपोआप हेलकावे घेतात काय? नसलेलीं माणसें दिसतात काय? पैसा, खरेदी, खाणें अथवा शरीरसंबंध यांविषयींची इच्छा पूर्वी कधीं नव्हती इतकी अनावर झाली आहे काय? एका वहींत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि जें दिसलें तें लिहून ठेवा. प्रत्येक पालट भयंकर असतो असें नाहीं. लेव्होडोपानें लघवीचा रंग गडद होतो, त्यानें अपाय होत नाहीं. नसलेलें दिसणें हें कधीं औषधामुळें, कधीं रोगामुळें, तर कधीं लघवीच्या विकारानें अथवा तापानेंहि होतें. कोणतें कशामुळें, हें ठरविणें तुमचें काम नव्हे. जें पाहिलें तें जसेंच्या तसें सांगणें एवढेंच तुमचें काम.

आणि ज्या गोष्टीची अधिक लाज वाटते ती तर आधीं सांगा. मास्तरांना दिलेली दुसरी गोळी ज्या जातीची होती, तिच्यानें कित्येक सज्जन माणसांस जुगाराची, खरेदीची अथवा वासनेची अनावर ओढ लागते, हें आज सर्व डॉक्टर जाणतात. ती गोळी हळूहळू कमी करून बंद केल्यावर मास्तरांची ती ओढ ओसरली, आणि कणगीपाशीं बसणारीं लेंकरेंहि दिसेनाशीं झालीं. मनुष्याच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी औषधावर ढकलावी, असें मी म्हणत नाहीं. मास्तर स्वतः रडले, आणि घरचा पैसा त्यांनीं आपण होऊन बाईंच्या हातीं सोंपविला. पण ज्याला आपण पाप समजतों तें कित्येकदां औषधाचें ओझें असतें. त्याचा निवाडा करण्याची घाई मंडळीनें करूं नये.

मात्र पाहणें निराळें आणि पाळत ठेवणें निराळें. अहरोन मोशेच्या बाजूस उभा राहिला, त्याच्यावर पहारा करीत उभा राहिला नाहीं. जें वहींत लिहाल तें पतीलाहि वाचून दाखवा. ज्याचा हात आपण धरतों, त्याच्या पाठीमागें कांहीं लपवूं नये.

दुसरी गोष्ट ही कीं, त्यांनीं दगड आणला. दगड ही रानांतली साधी वस्तु. प्रार्थना चालली असतां दगडावर बसणें मोशेला कमीपणाचें वाटलें नाहीं. आपल्यांतील कोणी म्हणतात, औषध सोडा आणि केवळ देवावर भिस्त ठेवा. आणि आसा राजानें वैद्यांचा धांवा केला म्हणून त्याला दोष लागला, हा दाखला देतात. पण २ इतिहासाच्या १६ व्या अध्यायांत त्याचा दोष हा सांगितला आहे कीं, त्यानें परमेश्वराला विचारिलेंच नाहीं. हिज्कीया राजानें रडून प्रार्थना केली, देवानें ती ऐकली, आणि त्याच देवाच्या संदेष्ट्यानें त्याच्या गळवावर अंजिरांचें पोटीस लावविलें. पौलानें तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडासा द्राक्षारस घेण्यास सांगितलें, आणि त्याच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. साधनें देवाचीं आहेत. त्यांवर बसून हात मात्र त्याच्याकडे वर करावयाचे.

पण दगड हा दगडच. तो कठीण असतो. सूर्य मावळेपर्यंत बसल्यावर मोशेच्या अंगास तो टोंचला नसेल काय? तरी तो टोंचतो म्हणून कोणीं तो एकाएकीं ओढून काढला नाहीं. काढला असता तर मोशे खालीं पडता. औषधाचा त्रास होतो तेव्हां दगड सरकवून नीट बसवावयाचा असतो : मात्रा कमी करणें, वेळ बदलणें, एक गोळी जाऊन दुसरी येणें. तें काम डॉक्टरानें करावें, आणि तें हळूहळू व्हावें. गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधीं आणून ठेवा. दुसऱ्या कोणत्याहि इस्पितळांत जाणें झालें तर कंपवाताच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. कारण ओकारीवर सर्रास देण्यांत येणारें मेटोक्लोप्रमाइड व भ्रमावर देण्यांत येणारीं कांहीं औषधें हा रोग वाढवितात. लेव्होडोपा शक्यतों जेवणाच्या अर्धा तास तरी आधीं घ्यावें, कारण डाळी, दूध, अंडीं, मांस यांतील प्रथिनें त्याची वाट अडवितात. रिकाम्या पोटीं मळमळ होत असेल तर काय करावें, हें डॉक्टरांस विचारा.

कोणी म्हणतात, गोळ्या नकोत, झाडपाला बरा. त्याला दोष नसतो. खाजकुहिलीच्या बियांचें चूर्ण आपल्याकडे पूर्वापार देतात, आणि त्याचा गुणहि येतो. पण तो कां येतो? त्या बियांत लेव्होडोपाच असतें म्हणून. गोळींत तें मोजलेलें असतें, चूर्णांत मोजलेलें नसतें. डॉक्टरांस न सांगतां दोन्ही घेतल्यास मात्रा वाढून तोच त्रास वाढेल, ज्याची तुम्हांला भीति होती.

आणि पांच वर्षांत औषध संपतें, ही समजूतहि खरी नाहीं. जसजसा रोग वाढतो तसतसा गोळीचा असर कमी वेळ टिकूं लागतो व हेलकावे येऊं लागतात, हें खरें. मात्रा फार मोठी असली तरी ते लवकर येतात, म्हणून डॉक्टर ती बेताची ठेवितात. पण २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आफ्रिकेंतील घाना देशाचे व इटलीचे रोगी ताडून पाहिले. घानांतील रोग्यांस औषध उशिरां मिळालें होतें. तरी रोग सुरू झाल्यापासून हा त्रास येईपर्यंतचा काळ दोहोंकडे जवळजवळ सारखाच भरला. म्हणजे औषध अडवून ठेवल्यानें पुढचे दिवस राखून ठेवतां येत नाहींत. केवळ आजचे दिवस गमावले जातात. मान्नाहि उद्यांसाठीं सांठवितां येत नव्हता.

तिसरी गोष्ट ही कीं, ते दोघे होते. एका बाजूस अहरोन, दुसऱ्या बाजूस हूर. एकट्याला दोन्ही हात धरवले नसते. आमच्या बाईंनीं दोन्ही हात एकटीनें धरण्याचा यत्न केला. गोळ्यांची भीति एकटीनें वाहिली, निर्णयहि एकटीनें केला. मंडळीनें विचारावें कीं, त्या वेळीं हूर कोठें होता? मास्तरांसाठीं आपण दर रविवारीं प्रार्थना करीत होतों. पण शहरच्या इस्पितळाच्या दिवशीं बाईंसोबत कोणी गेलें काय? ज्या बाई रात्रींतून चारदां उठून पतीला कूस बदलून देतात, त्यांना दुपारीं दोन तास निजतां यावें म्हणून मास्तरांपाशीं कोणी बसलें काय? "मास्तर कसे आहेत?" असें सर्वांनीं विचारलें, "बाई, तुम्ही कशा आहां?" असें कोणीं विचारलें?

आणि जे माझ्यासारखे पाळक व उपदेशक आहेत त्यांस मी सांगतों : भ्यालेल्या मनुष्यास "भिऊं नको" एवढेंच सांगून आपली सेवा पुरी होत नाहीं. गथशेमाने बागेंत स्वतः प्रभु व्याकूळ झाला, तेव्हां त्यानें आपले सोबती जवळ असावे अशी इच्छा केली, आणि ते झोंपीं गेले. आपण झोंपूं नये. भीति अंधारांत ठेवली कीं ती गोळ्या लपविते. उजेडांत आणली कीं तीच भीति सावधपण होते, आणि सावधपण हें प्रीतीचेंच एक काम आहे.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत घ्या. मोशेचे हात पुन्हां हलके झाले, असें शास्त्र सांगत नाहीं. ते सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले, एवढेंच सांगतें. आणि मूळ इब्री भाषेंत त्या ठिकाणीं स्थिरतेसाठीं जो शब्द आहे, तोच इतर ठिकाणीं विश्वासूपणासाठीं येतो. दुसऱ्यांनीं धरलेले, दगडाच्या आधारानें टेंकलेले, थकलेले ते हात. त्यांनाच शास्त्र विश्वासू म्हणतें. मास्तर आजहि हळू चालतात. त्यांचें अक्षर अजून बारीकच आहे. पण गेल्या पुनरुत्थानाच्या सणीं ते प्रभुभोजनास पुढें आले, तेव्हां त्यांच्या एका बाजूस बाई होत्या आणि दुसऱ्या बाजूस तरुणसंघांतील एक मुलगा होता. प्याला सांडला नाहीं.

आपण प्रार्थना करूं.

हे दयाळू पित्या, ज्यांचे हात जड झाले आहेत त्यांना आधार दे. जे त्यांच्या बाजूस उभे आहेत त्यांना पाहण्यास डोळे, सांगण्यास धैर्य आणि विसांव्यास एक घटका दे. वैद्यांस ज्ञान व ऐकून घेणारा कान दे. आम्हां सेवकांनीं व मंडळीनें ज्यांची भीति न उघडतां परत केली, त्यांच्याविषयीं आम्हांस क्षमा कर; आणि सूर्य मावळेपर्यंत एकमेकांचे हात धरून ठेवण्यास आम्हांस शक्ति दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.